संपर्क तुटला म्हणजे कोणाचा?

दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत एक मथळा ठरल्यासारखा येतो. 'भामरागडचा संपर्क तुटला.' खाली दोन ओळी असतात : पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी, शंभराहून अधिक गावे संपर्काबाहेर. सोबत एक छायाचित्र. चार दिवसांनी पाणी उतरतं, बातमीही उतरते. नागपूर-कामठीत वर्षानुवर्षे पेपर वाचणाऱ्या माणसाला हा मथळा इतका पाठ झालेला असतो की त्याचा अर्थ काय, हा प्रश्न कधी पडत नाही. आजच्या व्याख्यानात आम्ही तो प्रश्न विचारणार आहोत. संपर्क तुटला म्हणजे कोणाचा, कोणाशी?

विषयपत्रिकेवर आयोजकांनी 'दुर्गम बेटांवरील आदिवासी आणि निसर्गरक्षणाचे कार्यकर्ते : काही मराठी पुस्तकांच्या निमित्ताने' असं लांबलचक शीर्षक छापलं आहे. ते शीर्षक आमचंच, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. परंतु 'बेट' हा शब्द त्यात आम्ही जाणूनबुजून घातला. अंदमान-निकोबार हे समुद्रातलं बेट आणि भामरागड हे पावसाळ्यातलं बेट, ही दोन्ही डोळ्यांसमोर ठेवून आपण मराठीतली एक-दोन पुस्तकं आणि एक चित्रपट तपासून बघू. तपासायचं ते लेखकांना गुण देण्यासाठी नाही. आपण वाचक म्हणून जंगलातल्या माणसाला कुठे उभं करतो, हे त्यातून कळतं, म्हणून.

आधी भामरागड. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्यांच्या संगमावरचं हे तालुक्याचं गाव. पलीकडे छत्तीसगड. वस्ती मुख्यतः माडिया गोंडांची. महाराष्ट्रात ज्या तीन जमातींना केंद्र सरकारने विशेष असुरक्षित मानलं आहे, त्यांपैकी ही एक. दुसऱ्या दोन म्हणजे कातकरी आणि कोलाम. पूर आला की पूल बुडतो आणि आलापल्लीकडचा रस्ता बंद होतो. आता त्या काळात तिथे बाळंतीण अडली, कुणाला साप चावला, तर काय होतं ते आपण सगळे जाणतो. खाटेची कावड करून माणसं नाले ओलांडतात. तेव्हा 'संपर्क तुटला' यात दुःख नाही असं आम्ही मुळीच म्हणत नाही. जंगलातलं एकटेपण सुंदर असतं, असं म्हणणारे लोक सहसा नागपूरच्या विमानतळाजवळ राहतात.

पण त्या मथळ्याचं व्याकरण बघा. 'भामरागडचा संपर्क तुटला.' नागपूरचा तुटला असं कुणी लिहीत नाही. वास्तविक तुटणं दोन्ही बाजूंनी सारखंच असतं. दोर तुटला तर तो दोन्ही टोकांना तुटतो. पण भाषेत एक टोक जग ठरतं आणि दुसरं टोक बेट ठरतं. पर्लकोटेच्या पलीकडे त्या दिवशी एका पाड्याचा दुसऱ्या पाड्याशी, माणसांचा जंगलाशी, सोयऱ्यांचा सोयऱ्यांशी जो व्यवहार चाललेला असतो, तो 'संपर्क' या शब्दात मोजलाच जात नाही.

आता हाच शब्द घेऊन अंदमानात चला. तिथे त्याचा अर्थ उलटा होतो. १८५८ मध्ये इंग्रजांनी तिथे कैद्यांची वसाहत वसवली, तेव्हा ग्रेट अंदमानी लोकांची संख्या हजारांत होती. आज ती काही दहांत मोजावी लागते. हे कशाने झालं? चकमकी झाल्या हे खरंच, पण मोठा भाग रोगराईचा. म्हणजे संपर्काचाच. जारवा लोक १९९७-९८ पर्यंत बाहेरच्यांना टाळत, प्रसंगी बाण मारत राहिले. मग ते आपणहून वस्त्यांजवळ येऊ लागले आणि १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ आली. उत्तर सेंटिनेल बेटावरचे लोक अजूनही कुणाला किनाऱ्याला लागू देत नाहीत. २०१८ मध्ये एक अमेरिकन तरुण धर्मप्रचारासाठी तिथे उतरला आणि मारला गेला, तेव्हा आपल्याकडे बराच आरडाओरडा झाला. सरकारचं धोरण मात्र शहाणपणाचं आहे : लांबून लक्ष ठेवा, हात लावू नका. इथे संपर्क न होणं हेच रक्षण.

मराठी माणसाच्या मनातलं अंदमान कसं आहे, हा एक वेगळाच विषय होईल. आपलं अंदमान म्हणजे सेल्युलर जेल. ते साहजिक आहे, त्याबद्दल वाद नाही. पण हल्ली आपल्याकडची माणसं मोठ्या संख्येने सहलीला जातात. पहिल्या दिवशी जेल, ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम, डोळे ओले. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाराटांगची चुनखडीची गुहा. या बाराटांगला जायचा रस्ता, अंदमान ट्रंक रोड, जारवांच्या राखीव जंगलातून जातो. ७ मे २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, शेखर सिंग आयोगाच्या अहवालानंतर, हा रस्ता राखीव क्षेत्रात बंद करण्याचा आदेश दिला होता. रस्ता चालूच राहिला. गाड्यांचा ताफा निघतो, काचेला नाक लावून लोक बसतात : जारवा दिसतोय का? २०१२ मध्ये पर्यटकांसमोर जारवा बायकांना नाचायला लावल्याच्या चित्रफितीवरून देशोदेशी गाजावाजा झाला. जेलमध्ये कैद्यांच्या यातनांनी रडणारा माणूस दुसऱ्या दिवशी त्या ताफ्यात बसतो, यात त्याला काही विसंगती जाणवत नाही. दुष्टपणा नाही हो त्यात. जारवा त्याच्या इतिहासात बसत नाही, एवढंच. तो त्याला निसर्गाचा भाग वाटतो, गुहेसारखा, खारफुटीसारखा.

पुण्याच्या 'कल्पवृक्ष'शी जोडलेले पंकज सेखसरिया या बेटांबद्दल वर्षानुवर्षे लिहीत आले आहेत, या रस्त्याबद्दलही आणि अलीकडे ग्रेट निकोबारच्या प्रकल्पाबद्दलही. २०१४ मध्ये त्यांनी जारवांच्या पार्श्वभूमीवर 'द लास्ट वेव्ह' ही इंग्रजी कादंबरीही लिहिली. ग्रेट निकोबारचं प्रकरण थोडक्यात सांगतो. सुमारे ९१० चौरस किलोमीटरच्या त्या बेटावर बंदर, विमानतळ, वीजकेंद्र आणि नवं शहर असा हजारो कोटींचा बेत आहे. त्यासाठी सुमारे १३० चौरस किलोमीटर जंगल वळवायला मंजुरी मिळाली. बदली झाडं लावायची कुठे, तर हरियाणात! तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही 'श्रेणीदोष' शिकवताना उदाहरणं शोधत असू. हे आयतं मिळालं. शोंपेन आणि निकोबारी लोकांचं जंगल ही हेक्टरांत मोजून दुसरीकडे भरून देता येणारी रक्कम आहे, असं मानल्याशिवाय हे वाक्य लिहिताच येत नाही. आणि तिथल्या आदिवासी परिषदेने २०२२ मध्ये आपली संमती मागे घेतली, ही बातमी आपल्याकडे किती जणांनी वाचली?

तर मग अंदमानात संपर्क टाळायचा आणि भामरागडात संपर्क वाढवायचा, असं दोन बेटांसाठी दोन नियम का? हा प्रश्न नवा नाही. तो या आपल्या भागातच, मध्य प्रांताची राजधानी नागपूर होती त्या काळात, जोरात लढला गेला. व्हेरिअर एल्विन मंडल्याच्या जंगलात राहत होते. १९३९ च्या 'द बैगा' या ग्रंथात त्यांनी बैगांसाठी एक प्रकारचं 'नॅशनल पार्क' असावं असं सुचवलं. मिशनरी, सावकार, सरकारी नोकर यांच्यापासून लांब, त्यांच्या मनाप्रमाणे जगायला एक मुलूख. झालं! आदिवासींना प्राणिसंग्रहालयात ठेवायचं आहे काय, म्हणून एल्विनवर टीकेची झोड उठली. त्यात सर्वांत मुद्देसूद टीका एका मराठी माणसाची होती. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये. १९४३ च्या पुस्तकात त्यांनी आदिवासींना 'मागासलेले हिंदू' म्हटलं आणि एकरूप होणं हाच मार्ग आहे असा निष्कर्ष काढला.

या वादात आपल्या विद्यापीठांनी पिढ्यानपिढ्या मुलांकडून 'एल्विन विरुद्ध घुर्ये' अशी टिपणं लिहून घेतली. आमचं मत असं की दोघांचंही एक गृहीत समान होतं आणि तेच चुकीचं होतं. दोघेही आदिवासींचं काय करायचं, हे ठरवत होते. कुंपण घालायचं की कुंपण काढायचं, हा वाद कुंपणवाल्यांचा. आत असलेल्यांनी बैठक घेऊन काही ठरवलं तर, ही शक्यता दोन्ही ग्रंथांत नाही. एल्विन पुढे पुष्कळ बदलले, ईशान्येकडे त्यांनी वेगळं काम केलं, हे त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवतो.

ही शक्यता मराठीत कुठल्या पुस्तकात दिसते, हे बघायचं आहे. पण त्याआधी ज्यात ती दिसत नाही अशा एका थोर कामाबद्दल बोलणं भाग आहे. थोर हा शब्द आम्ही उपरोधाने वापरत नाही.

२३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी हेमलकशाला लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथे गेले आणि राहिले. वीज नाही, रस्ता नाही, भाषा येत नाही. त्यांनी माडिया भाषा शिकून घेतली, ही गोष्ट आम्हाला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. २००८ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 'प्रकाशवाटा' हे डॉ. प्रकाश आमटे यांचं आत्मकथन मराठी घरांत कपाटाकपाटांत आहे, आणि ते असायलाच हवं. साधी भाषा, फुशारकी नाही. अशी पुस्तकं आपल्याकडे फार नाहीत.

त्यातला आणि एरवीही सगळीकडे सांगितला जाणारा एक प्रसंग आठवा. माडिया शिकारी मारलेली माकडीण घेऊन चालले आहेत आणि तिचं जिवंत पिल्लू तिला चिकटलेलं आहे. डॉक्टर तांदूळ देऊन ते पिल्लू मागून घेतात. तिथून प्राण्यांचं अनाथालय सुरू होतं. शिकाऱ्यांशी करार होतो : पिल्लं मारू नका, आमच्याकडे आणा, बदल्यात धान्य-कपडे घ्या. विलास मनोहर यांच्या 'नेगल'मधून हे प्राणी आपल्या घरातलेच झाले.

या प्रसंगाचं वाचन आपण नेहमी करुणेच्या बाजूने करतो. आम्ही तो जरा दुसऱ्या बाजूने वाचू पाहतो. यात निसर्ग वाचवणारा कोण? डॉक्टर. मारणारा कोण? माडिया. आणि मारतो का, तर उपाशी आहे म्हणून. हे डॉक्टरांनी स्वतः ओळखलं आणि म्हणून तांदूळ दिला, इथे त्यांचं मोठेपण आहे. उपदेश न करता त्यांनी भुकेचा हिशेब आधी केला. पण वाचकाच्या मनात जे चित्र उरतं, ते असं : आदिवासी आहे तिथे जंगल धोक्यात आणि बाहेरचा देवमाणूस आला की ते वाचतं. मग प्रश्न असा येतो की डॉक्टर येण्याआधी शेकडो वर्षं ते जंगल टिकलं कसं? कुठल्या झाडाला हात लावायचा नाही, कुठला प्राणी कुठल्या कुळाने खायचा नाही, कुठला डोंगर देवाचा, हे नियम कुणी केले? गोंडांमध्ये कुळदैवताशी जोडलेले प्राणी-पक्षी असतात, ते त्या कुळाला वर्ज्य असतात. त्याला आपण श्रद्धा म्हणतो. तेच वनखात्याने फलक लावून केलं तर त्याला व्यवस्थापन म्हणतो.

२०१४ च्या चित्रपटाने या वाचनावर शिक्कामोर्तबच केलं. नावच बघा : 'डॉ. प्रकाश बाबा आमटे : द रिअल हिरो'. नाना पाटेकर आणि सोनाली कुलकर्णी यांची कामं चांगली, यात वाद नाही. पण हिरो म्हटला की बाकीचे आपोआप गर्दी होतात. पडद्यावरचा माडिया रुग्ण तरी असतो, नाहीतर कृतज्ञ तरी असतो. तिसरी अवस्था त्याला नाही. वाद घालणारा, डॉक्टरांना 'तुमचं हे पटलं नाही' म्हणणारा माडिया आम्हाला तरी त्यात लक्षात राहिलेला नाही. पुस्तकाचा दोष किती आणि आपल्या भुकेचा किती, हे वेगळं करून बघितलं पाहिजे. मराठी मध्यमवर्गाला संत लागतो. तो मिळाला की पाया पडून आपण मोकळे.

आता 'गोष्ट मेंढा गावाची'. मिलिंद बोकील यांचं हे पुस्तक २०१२ मध्ये मौज प्रकाशनाने काढलं. बोकील 'शाळा'मुळे सर्वांना ठाऊक आहेत, पण ते समाजशास्त्राचे अभ्यासक आहेत आणि हे पुस्तक त्या डोळ्यांनी लिहिलेलं आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात मेंढा, लेखाजवळचं म्हणून मेंढा-लेखा, हे गोंडांचं छोटं गाव. लोकसंख्या पाचशेच्या आत-बाहेर, जंगल सुमारे १८०० हेक्टर. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा याच गावाची.

हे गाव एका दिवसात असं झालं नाही. ऐंशीच्या दशकात इचमपल्ली आणि भोपालपटनम या धरणांविरुद्ध 'जंगल बचाव, मानव बचाव' हे आंदोलन झालं. बाबा आमटे त्यात होते, हे इथे मुद्दाम सांगतो, म्हणजे हेमलकसा आणि मेंढा या दोन वेगळ्या दुनिया आहेत असा समज होणार नाही. त्या मंथनातून मेंढ्याचे देवाजी तोफा पुढे आले, आणि चंद्रपूरच्या 'वृक्षमित्र'चे मोहन हिराबाई हिरालाल त्या गावाशी जोडले गेले. (आईचं आणि वडिलांचं, दोघांची नावं लावून आडनाव सोडून देणारा हा माणूस. आमच्या विदर्भात अशी माणसं निपजतात आणि आम्हाला त्यांची नावं पुण्याची पुस्तकं वाचून कळतात.)

गावाने गोटुल पुन्हा बांधायचं ठरवलं आणि त्यासाठी जंगलातून लाकूड आणलं. वनखात्याने ते बांधकाम पाडलं. त्यावर आसपासच्या गावांनीही आपापली गोटुलं उभी करायचं ठरवलं. पुढे कागद गिरणीची बांबूतोड गावाने थांबवली. वनहक्क कायदा २००६ चा, त्याचे नियम २००८ चे. २००९ मध्ये मेंढा आणि शेजारच्या मर्दा गावाला सामूहिक वनहक्क मिळाले, देशातले अगदी पहिले. हक्क मिळाला खरा, पण बांबू विकायला निघाले तर वाहतूक परवाना वनखातं देईना. का? तर १९२७ च्या भारतीय वन कायद्यात 'झाड' या शब्दाच्या व्याख्येत बांबू आहे, आणि झाड म्हणजे लाकूड, आणि लाकूड सरकारचं. नव्या कायद्यात मात्र बांबू स्पष्टपणे गौण वनोपजात आहे. वनस्पतिशास्त्रात तर तो चक्क गवत! एकच वस्तू, एका कायद्यात झाड, दुसऱ्यात वनोपज, शास्त्रात गवत. ॲरिस्टॉटलपासून आम्ही लोक व्याख्यांवर डोकं फोडत आलो. इथे एका व्याख्येवर एका गावाची चूल अडली. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्याला गेले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. १९२७ च्या व्याख्येतून बांबू निघाला तो २०१७ मध्ये.

बोकिलांच्या पुस्तकाचं खरं बळ या घटनांत नाही, त्या इतरत्रही मिळतात. ते आहे निर्णयप्रक्रियेच्या वर्णनात. मेंढ्यात निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढे ढकलायचा, पुन्हा बोलायचं. आणि ग्रामसभेच्या जोडीला अभ्यासगट. गट निर्णय घेत नाही, नुसता अभ्यास करतो. सभा निर्णय घेते. बाहेरचा माणूस अभ्यासगटात बोलू शकतो, सभेत त्याला मत नाही. मोहनभाऊंनी स्वतःची जागा इतकी काटेकोर आखून घेतली. एल्विन-घुर्ये वादात जी शक्यता सापडत नव्हती ती हीच. जाणणं आणि ठरवणं यांची फारकत, आणि ठरवणं गावाकडे. पाश्चात्त्य विद्यापीठांत संवादी लोकशाहीवर जाडजूड ग्रंथ निघतात. आम्हीही ते शिकवले. त्यांतला कळीचा प्रश्न, की तज्ज्ञाला किती अधिकार द्यायचा, मेंढ्याने उन्हातान्हात बसून सोडवला आहे.

तरीही पुस्तकाबद्दल आमची एक कुरकुर आहे आणि ती ठेवायला हवी. 'गोष्ट' हा शब्द. गोष्टीला सुरुवात असते, अडथळे असतात, शेवटी विजय असतो. वाचक सुखावतो. आपल्याकडे 'आदर्श गाव' नावाचं एक वाङ्मयच तयार झालं आहे. राळेगणसिद्धी, हिवरे बाजार आणि आता मेंढा. बस भरून पाहुणे येतात, फोटो काढतात, अभिप्रायाच्या वहीत 'प्रेरणादायी' लिहितात. बोकील स्वतः सावध लेखक आहेत, ते गावाला देवघरात बसवत नाहीत. पण सर्वसहमतीचा दाब कमी बोलणाऱ्यावर, तरुण सुनेवर, गावात नव्याने आलेल्या घरावर कसा पडतो, याचं आणखी खोदकाम आम्हाला हवं होतं. गप्प बसणं आणि सहमत असणं यांत फरक आहे. प्रत्येक कुटुंबप्रमुखाला हे ठाऊक असतं, तो कबूल करीत नाही एवढंच.

दुसरी गोष्ट, मेंढा हे एकटं बेट राहिलं नाही. गडचिरोलीत शेकडो गावांना सामूहिक वनहक्क मिळाले. कोरचीत ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा केली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने तर तेंदूपानं तोडायची नाहीत असं ठरवलं. पानं चांगली फुटावीत म्हणून फांद्या छाटतात, आगी लावतात, त्याने जंगलाचं नुकसान होतं आणि तेंदूचं फळही जातं, हा त्यांचा हिशेब. हातात येणारा रोख पैसा सोडून दिला. याला संवर्धन नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं? उलट बाजूलाही बघा. एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेव आहे, दरवर्षी तिथे यात्रा भरते, आणि त्याच डोंगरात लोहखनिजाची खाण चालू आहे. आदर्श गावाच्या गोष्टी वाचून सुखावलेला वाचक या डोंगराकडे आला की कुठल्या पानावर जातो, ते आम्हाला बघायचं आहे.

आता 'बेट' या शब्दाकडे परत येऊ. मराठीत बेट दोन प्रकारचं. पाण्यातलं एक आणि बांबूचं एक. बांबूच्या झुडुपाला आपण बेट म्हणतो. लांबून बघितलं तर माळावर एकटंच उभं. पण बांबूच्या बेटात काठ्या जमिनीखालच्या कंदाने एकमेकींना जोडलेल्या असतात. पावसाळ्यात त्या कंदातून कोंब येतात. आपल्याकडे त्याला वास्ते म्हणतात, भाजी होते. कोंब सगळे खाल्ले तर बेट संपलं. जुन्या काठ्या मुळीच काढल्या नाहीत तरी गर्दीने बेट घुसमटतं. कुठली काठी कधी काढायची, हे ज्ञान हाताचं असतं. माधव गाडगीळ यांनी कारवारकडच्या बांबूचा अभ्यास केला होता, तो फार बोलका आहे. कागद गिरणीचे मजूर बेटाच्या बुडखाची काटेरी जाळी साफ करत, त्याने बांबू जोमाने वाढेल असं तज्ज्ञांचं मत. गावकरी म्हणत, काटे काढू नका. काटे गेले की कोवळे कोंब गुरं खातात, माकडं खातात. मोजणी केल्यावर गावकरी खरे ठरले. काट्यांनी संपर्क तोडलेला नव्हता, कोंब राखलेला होता.

अंदमान आणि भामरागड यांना दोन नियम का, याचं आमचं उत्तर इथे आहे. काटे किती ठेवायचे हे बेट ठरवतं. सेंटिनेलचे लोक बाण मारून सांगतात, मेंढ्याचे लोक ठराव करून सांगतात, निकोबारची परिषद पत्र लिहून सांगते. भाषा वेगळी, आशय एकच. त्यांपैकी बाण तेवढा आपल्याला कळतो, कारण तो लागतो.

कुणी म्हणेल, सर, हे सगळं गडचिरोलीचं. कामठीत त्याचं काय? इथे १८२१ मध्ये छावणी पडली, बाजारपेठ वाढली, कन्हान आहे, कोळसा आहे. भूगर्भशास्त्रवाले तर एका खडकाच्या थरालाच 'कामठी' म्हणतात आणि तो थर खाली गोदावरीच्या खोऱ्यापर्यंत जातो. पण खडक सोडा, बिडी घ्या. या गावच्या कितीतरी घरांत पिढ्यानपिढ्या बिड्या वळल्या गेल्या. याच कामठीचे बाबू हरदास यांनी बिडी कामगारांना संघटित केलं. 'जय भीम' या अभिवादनाशी त्यांचं नाव जोडलेलं आहे, ते आपण दरवर्षी १२ जानेवारीला आठवतो. १९३७ मध्ये ते निवडून आले आणि १९३९ मध्ये, पस्तिशीतच गेले. आता त्या बिडीचं पान कुठलं होतं? तेंदूचं, जंगलातलं. पान तोडणारी बाई आणि पान वळणारी बाई यांची कधी भेट झाली नाही. मध्ये ठेकेदार होता, गोदाम होतं, कारखानदार होता. पण पूर येवो न येवो, पानाचा संपर्क दरवर्षी होत होता. जंगलातल्या पुड्याला किती आणि इथे हजार बिड्यांना किती, हा एकाच हिशेबाचा भाग. पाचगाव तेंदू बंद करतं तेव्हा बिडी वळणाऱ्या हातांचं काय, हाही प्रश्न त्याच हिशेबातला. तो आपल्या 'निसर्गरक्षण' या सदरात येत नाही, 'कामगार' या सदरातही येत नाही. हा पूल कुठल्याही नदीवर नाही, म्हणून तो बुडालेला दिसत नाही.

शेवटी लेखकाबद्दल. आज उल्लेख झालेली पुस्तकं लिहिणारे सगळे बाहेरचे. त्यात गैर नाही. बाहेरच्याने लिहू नये असं आम्ही म्हणत नाही, आम्हीही बाहेरचेच. पण मराठीत आदिवासींनी स्वतः लिहिलेलं आहे आणि ते आपण वाचत नाही. वाहरू सोनवणे यांचा 'गोधड', भुजंग मेश्राम यांचा 'ऊलगुलान', उषाकिरण आत्राम यांच्या कविता. वाहरूंची 'स्टेज' ही कविता नेमकी याच प्रश्नावर आहे, की व्यासपीठावर कोण बसतं. आम्ही आत्ता बसलो आहोत तेही एक व्यासपीठच, तेव्हा त्यावर जास्त बोलणं बरं दिसणार नाही.

एक गोष्ट मात्र सुचवतो. या मालिकेतल्या तरुण मंडळींनी एखाद्या ग्रामसभेच्या संमतीने तिच्या ठरावांच्या वह्या वाचायला घ्याव्यात. वाङ्मय म्हणून. त्यात नायक नसतो, उपमा नसतात. अमक्याने विनापरवानगी तोड केली, दंड किती, कुणी विरोध केला, विषय पुढच्या सभेत. आणि वाचताना एक ध्यानात ठेवा. सभेत बोलणं गोंडीत होतं. सरकारदरबारी जायचा ठराव मराठीत लिहावा लागतो. म्हणजे आपल्या हाती येतो तो अनुवादच. मूळ बोलण्यातलं काय गळलं हे सांगू शकणारा माणूस गोंडी वाचता-लिहिता येणारा लागेल. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडीतून शिकवणारी शाळा काढली, आणि शिक्षणखात्याने तिला अनधिकृत ठरवून नोटीस धाडली. त्या शाळेतली मुलं आता जेमतेम वाचू लागली असतील.